आठवड्याची सुट्टी आणि शेंगोळ्यांचं पातेलं

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या आल्याच. गुरुजींनी त्या शिकवाव्यात आणि मुलांनी परीक्षेपुरत्या पाठ कराव्यात, असा शिरस्ता आहे. आज मात्र मी एका साध्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ नवरा-बायको दोघंही घरात आहेत, चूल पेटली आहे, दोघांनी मिळून पिठाचं काहीतरी वळलं आहे, आणि उकळत्या रश्शात ते रटरटत आहे. एवढीच ती गोष्ट. आता तुम्ही म्हणाल, यात कसला आलाय इतिहास? पण पहा, या चित्रात दोन वस्तू आहेत. एक ती मोकळी संध्याकाळ आणि दुसरं ते पातेलं. दोन्ही आपोआप आलेल्या नाहीत. संध्याकाळ तर फारच महागात पडलेली आहे.

अलीकडे शहरांतली तरुण जोडपी शनिवार-रविवारी रात्री ‘पास्ता’ नावाचा इटालियन पदार्थ करतात. सोलापुरातही त्याच्या पुड्या दुकानात शेवयांशेजारीच मांडलेल्या दिसतात. गव्हाच्या रव्याची कणीक, तिच्या नळ्या, शिंपले, फिती करायच्या, वाळवायच्या, आणि लागतील तशा पाण्यात शिजवायच्या. हे वर्णन ऐकून आपल्याकडची एखादी आजी म्हणेल, “अगं, मग हे वळवटच की!” आणि ती चुकीचं बोलत नाही. गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे, फणोल्या, सरगुंडे ही नावं आजच्या मुलांना कोड्यांसारखी वाटतात. पण नखानं दाबून केला तो नखुला, बोटावर वळला तो बोटवा, फणीवर दाबून रेघा उठवल्या ती फणोली. लग्नाच्या रुखवतात ही मांडली जात, आणि त्यावरून मुलीच्या हाताची पारख होई. इटलीतल्या घरांतूनही बायका अंगठ्यानं दाबून, काठीवर गुंडाळून असेच आकार करीत आल्या आहेत. कुणी कुणाकडून शिकलं असं नाही. ओलसर कणीक आणि रिकामा हात एकत्र आला की बोटं खेळायला लागतात, एवढंच.

शेवयांचा मूळ शोध कोणाचा, यावर पुष्कळ वाद झाले. मार्को पोलोनं चीनमधून हा पदार्थ इटलीत नेला, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असेल. ती सोडून द्यावी. मार्को पोलो व्हेनिसला परतला 1295 मध्ये, आणि जिनोआ शहरातल्या एका शिपायाच्या मालमत्तेच्या यादीत ‘मॅकरोनीची टोपली’ नोंदली गेली ती 1279 मध्ये. त्याच्याही आधी, 1154 मध्ये, अल् इद्रिसी नावाच्या भूगोलकारानं सिसिली बेटावरच्या त्राबिया गावाबद्दल लिहून ठेवलं आहे की तिथं ‘इत्रिया’ म्हणजे वाळवलेल्या शेवया भरपूर होतात आणि जहाजांतून दूरदूर जातात. चीनमध्ये तर लाजिया इथं जमिनीखाली पालथ्या पडलेल्या एका वाडग्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या शेवया मिळाल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडं सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘सेविका’ येते. कणकेच्या जवाएवढ्या बारीक वाती करून, वाळवून, दुधात शिजवून तूप-साखरेबरोबर खाव्यात, असं तिचं वर्णन आहे. जवाएवढ्या म्हणजे आपले गव्हलेच झाले म्हणा ना!

सोलापूर हे चार भाषांचं गाव. मराठी माणूस शेवई म्हणतो, कानडी माणूस शावगी, तेलुगू घरात तिला सेमिया म्हणतात, आणि रमजान ईदच्या सकाळी मुसलमान शेजाऱ्याकडून शीरखुर्म्याची वाटी येते तिच्यातही तीच असते. बोली बदलली तरी वाटीतली वस्तू एकच.

आता इथं एक शेतीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ऐकणाऱ्यांत शेतकरी पुष्कळ आहेत. सगळा गहू एकसारखा नसतो. पोळीचा गहू वेगळा आणि शेवयांचा वेगळा. आपल्या कोरडवाहू रानात पूर्वी बन्शी गहू पेरत. दाणा लांबट, पिवळसर, काचेसारखा कठीण. हाच तो गहू, ज्याला इटलीत ‘दुरूम’ म्हणतात. वाळवलेला पास्ता याच गव्हाच्या रव्याचा असावा असा तिथं 1967 मध्ये कायदाच झाला. त्याचा मोठा भाऊ म्हणजे खपली. त्याचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं म्हणून खपली. कानडी मुलखात त्यालाच जवे गोधी म्हणतात. इटलीतही हा गहू अजून पिकतो. शिक्षकांनी वर्गात सांगण्यासारखी गोष्ट अशी की बन्शी आणि खपली या दोघांत रंगसूत्रं 28, आणि पोळीच्या गव्हात 42. कठीण गव्हाची शेवई शिजली तरी मोकळी राहते, लगदा होत नाही. आपल्या आज्यांना रंगसूत्रं ठाऊक नव्हती, पण “शेवयाला बन्शीच पाहिजे” हे ठाऊक होतं.

जाता जाता आठवण झाली म्हणून सांगतो. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीतच लढत होत्या. यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या खोऱ्यात पडले आणि नामदेव जाधवांनी 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीच्या काठी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे इटलीची माती मराठी माणसाला अगदीच परकी नाही.

पण खरी अडचण पुढं आहे. सोलापूर जिल्हा हा मुळात ज्वारीचा मुलूख. पाऊस कमी आणि बेभरवशाचा, जमीन काळी, रब्बीची शाळू ज्वारी हेच पोटाचं धान्य. गहू सणासुदीला. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटा नसतो, म्हणून तिची भाकरी थापावी लागते. तिची तार ओढू म्हटलं तर ओढता येत नाही. मग रोजच्या गरिबीत वळवटाची हौस कशानं भागवायची? ती भागवली हुलग्यानं. हुलगा, म्हणजेच कुळीथ, हलक्या रानात, कमी पाण्यावर येणारं कडधान्य. त्याच्या पिठात थोडं गव्हाचं किंवा ज्वारीचं पीठ, लसूण, मिरची, जिरं, मीठ घालायचं, घट्ट मळायचं, तेलाचं बोट लावून तळहातानं करंगळीएवढी वळी करायची, दोन्ही टोकं जुळवायची. हे शेंगोळं. कुणी सरळच ठेवतात, कुणी वेढा घालतात. लसणाची खमंग फोडणी, पाणी, काळा मसाला, आणि पाणी खळखळून उकळलं की एकेक शेंगोळं सोडायचं. पाणी गार असताना सोडलं तर विरघळून पिठलं होतं, हे पक्कं लक्षात ठेवावं. परातीला लागलेलं पीठ पाण्यात कालवून त्यातच ओतायचं, म्हणजे रस्सा दाट होतो आणि काही वाया जात नाही. वीस-पंचवीस मिनिटांत तयार. सोबत कच्चा कांदा. दुसरं काही करावं लागत नाही, आणि हीच त्यातली मोठी सोय. एकाच पातेल्यात सगळं जेवण. गव्हाचं पीठ असलं तर चकोल्या, म्हणजे वरणफळं, पोळी लाटून तिचे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे आंबट-गोड वरणात सोडायचे. ह्याही एका पातेल्यातल्याच.

शेंगोळ्याला एक गोष्ट मात्र लागते, ती म्हणजे वेळ. भाकरी एकटी बाई घाईनं थापते. शेंगोळी वळायला बसावं लागतं, आणि दोन हातांपेक्षा चार हात असले तर बरं. म्हणून हा सुट्टीच्या संध्याकाळचा पदार्थ. आता ती संध्याकाळ कुठून आली ते पाहू.

1860 मध्ये सोलापूरला आगगाडी आली आणि 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल, म्हणजे आपली ‘जुनी गिरणी’, सुरू झाली. साल ध्यानात घ्या. 1876 ते 78 हा मोठ्या दुष्काळाचा काळ. रानात दाणा नाही, खेड्यांतून माणसं शहराकडं निघालेली, अशा वेळी गिरणीचा भोंगा वाजायला लागला. पुढं 1898 मध्ये लक्ष्मी गिरणी, 1908 मध्ये विष्णू गिरणी, शिवाय नरसिंग गिरजी गिरणी. कुणब्याचा कामगार झाला. पण कुणब्याच्या दिवसाला सण होता, अमावास्या होती, बैल न जुंपण्याचा वार होता. गिरणीच्या दिवसाला काहीच नव्हतं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि रविवारीसुद्धा यंत्रं पुसायला बोलावणं. सणाची सुट्टी मिळाली तर मिळाली.

1881 चा पहिला कारखाना कायदा आला तो मुलांपुरता. सात ते बारा वर्षांच्या मुलांनी दिवसाला नऊ तासच काम करावं आणि त्यांना महिन्यात चार सुट्ट्या मिळाव्यात, एवढंच त्यात होतं. मोठ्या माणसांचं नाव नव्हतं. बाप राबतोय आणि पोराला सुट्टी, असा तो न्याय!

मोठ्यांच्या सुट्टीसाठी उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. 1884 च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत परळला गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कारखाना आयोगाला दिला. मागण्या काय होत्या? आठवड्याला रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आज वाचताना वाटतं, एवढंसं मागायला अर्ज कशाला लागावा! पण सहा वर्षं काही हललं नाही. 24 एप्रिल 1890 ला मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायका उठून बोलल्या. 1890 साली, हजारो माणसांपुढं, गिरणीतल्या बायका! त्या काय बोलल्या यापेक्षा त्या बोलल्या हेच मला मोठं वाटतं. 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. ख्रिस्ती साहेबाचा वार आणि जेजुरीच्या देवाचा वार एकच निघाला, हा योगायोग कामगाराच्या पथ्यावर पडला. पुढच्याच साली, 1891 च्या कायद्यानं आठवड्याची सुट्टी मुंबईबाहेरच्या गिरण्यांनाही लागू झाली. सोलापूरच्या भोंग्याला सातव्या दिवशी गप्प बसावं लागलं ते तेव्हापासून.

मग हळूहळू तास उतरले. 1911 मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला बारा, 1922 मध्ये आठवड्याला साठ, 1934 मध्ये चोपन्न, 1946 मध्ये अठ्ठेचाळीस. हे आकडे कोरडे दिसतात, पण ते घरात नेऊन पहा. बारा तासांच्या पाळीनंतर घरी आलेला माणूस भाकरी खातो आणि झोपतो. नऊ तासांनंतर आलेला माणूस चुलीपुढं टेकतो, दोन शब्द बोलतो, परात पुढं ओढतो. गिरणीत बायकाही होत्या, रिळाच्या आणि वाइंडिंगच्या खात्यांत. दोघांची सुट्टी एकाच वारी पडे, हे त्या कायद्याचं न लिहिलेलं कलम म्हणावं लागेल. नवरा-बायको दिवसाउजेडी एकमेकांना दिसू लागले.

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी करून 1928 मध्ये अहवाल छापला. सरकारनं कामगाराच्या पातेल्यात डोकावून पाहिलं ते असं. त्यात काय असायचं ते सोलापूरकराला विचारायला नको. पहिली ज्वारी, मग बाकी सगळं.

याच शहरात अशीही जोडपी होती की ज्यांना सुट्टीची संध्याकाळ मोकळी नव्हती. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, कंजारभाट वगैरे जमातींची माणसं तिथं ठेवलेली होती. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जातीत जन्माला आली म्हणून. दिवसा ती याच गिरण्यांत राबत, त्याच मागांवर, त्याच भोंग्याला. सुट्टीच्या दिवशी मात्र हजेरी चुकत नसे. हजेरीची घंटा झाली की हातातलं पीठ तसंच ठेवून रांगेत उभं राहायचं. हा कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. सोलापूरचा इतिहास सांगताना 1930 चा मार्शल लॉ आणि 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे आपण अभिमानानं सांगतो, सांगावेतच. त्याच्या शेजारी ही हजेरीची घंटाही मुलांना सांगावी, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. सुट्टी गिरणीची झाली, चुलीची झाली नाही. सुट्टीच्या दिवशी पुरुष पारावर, तालमीत, भजनात. बाई मात्र दळण, धुणं, आठवड्याचं सारवण यांत. दोघं मिळून वळतात असं मी म्हटलं, ते सगळ्या घरांचं चित्र नव्हे. काही घरांत “कारभारी, जरा दोन वळा की” म्हटल्यावर कारभारी हसून हात पुढं करीत, काही घरांत ते उठून बाहेर जात. पुरुषाला या कामात नेमानं आणलं ते शेवयांच्या यंत्रानं. बाजेच्या पायाला किंवा बाकड्याला घट्ट बसवायचं, वरून कणकेचा गोळा, बाजूला दांडा. दांडा फिरवायला जोर लागे, तो नवऱ्याचा. खालून उतरणाऱ्या तारा न तुटता अलगद उचलायच्या आणि काठीवर टांगायच्या, ती नजर बायकोची. यंत्राला हात लावण्यात पुरुषाला कमीपणा वाटला नाही, परातीला लावण्यात वाटे. माणसाच्या मनाचे खेळ, दुसरं काय!

गहू रोजचा झाला तो त्यानंतर. 1956 मध्ये अमेरिकेशी ‘पी. एल. 480’ चा करार झाला आणि रेशनच्या दुकानांत परदेशी गहू दिसू लागला. मग कल्याणसोना, सोनालिका या ठेंगण्या जाती आल्या. 1972 च्या दुष्काळात, सोलापूर जिल्ह्यानं खडी फोडून दिवस काढले तेव्हा, ज्वारी खाणाऱ्या माणसाला लाल मिलो आणि रेशनचा गहू खावा लागला. पोळी घराघरांत गेली आणि तिच्याबरोबर चकोल्याही. बन्शी मात्र रानातून मागं सरत गेला. पोळीच्या नव्या गव्हाचं पीक जास्त, मग कोरडवाहू बन्शी कोण पेरतो?

गिरण्यांचे भोंगेही पुढं एकामागून एक थांबले. ज्या घरांत दोघांना एकाच वारी सुट्टी असे, त्यांतल्या पुष्कळ घरांत पुरुष यंत्रमागावर गेला आणि बाई विड्या वळू लागली. यंत्रमागावर चादर आणि टॉवेल, घरात तेंदूची पानं. पूर्व भागातल्या पद्मशाली वस्त्यांत तर हे घरोघर चाललेलं असतं. पानं आणि तंबाखू विडीच्या कारखान्यातून मोजून आणायची, घरी वळायची, हजाराचा हिशेब करून परत द्यायची. विडी कामगारांसाठी 1966 मध्ये कायदा झाला, त्यात आठवड्याची सुट्टी होती. कलम मोठं वाचण्यासारखं होतं. आठवड्यातला एक दिवस विडीची जागा पूर्ण बंद राहावी, फक्त पानं भिजवण्याचं काम चालेल, अशा अर्थाचं. कायदा लिहिणाऱ्याला धंदा नीट ठाऊक होता. पानं भिजल्याखेरीज कात्री चालत नाही, आणि उद्याच्या विडीची पानं आजच भिजली पाहिजेत.

घरी बसून वळणाऱ्या बाईच्या घराला तर कुलूप लावणारं कुणी नाही. कुंभारीच्या माळावर 2006 मध्ये विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. स्वतःचं छप्पर, स्वतःची चूल. तशा घरात सुट्टीच्या संध्याकाळी गेलात तर एका कोपऱ्यात पानांची पाटी पाणी पिऊन जड झालेली दिसेल, आणि दुसऱ्या बाजूला परात. विडी वळणारी बोटं शेंगोळी फार झरझर वळतात. नवऱ्याचं एक होईतो तिची चार होतात, आणि तो म्हणतो, “थांब जरा, मला गाठू दे,” तेवढ्यात आधण येतं.